वजनकाट्याला न दिसणारी चरबी

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक होते पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, अगदी सारखा होता: २२.३. या आकड्यावरून दोघंही सडपातळ ठरत होते. पण शरीरातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हा विरोधाभास ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

दिसायला बारीक, पण आतून चरबीयुक्त अशी ही आपली ठेवण आहे. साखर, इन्सुलिन आणि ड जीवनसत्त्व यांच्याबद्दल हल्ली इतकं बोललं जातं, की त्यातलं आपल्या शरीराला लागू पडणारं काय, हे हरवून जातं. माझं म्हणणं एवढंच आहे, की आपल्या लोकांनी किलोच्या आकड्यापेक्षा चरबी कुठे साठते आहे आणि स्नायू किती आहेत, याची काळजी करायला हवी. इन्सुलिनचं बिनसणं आणि साखरेचं बाधणं या दोन्ही गोष्टी तिथूनच उलगडतात, आणि ड जीवनसत्त्वाकडून किती आशा ठेवायची, हेही तिथूनच कळतं.

जन्मापासूनची गोष्ट

डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती स्त्रिया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास सुरू केला. त्या गावांतल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली गेली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू बरेच कमी होते, मात्र पाठीवरच्या त्वचेखालची चरबी जवळजवळ तिकडच्या बाळांइतकीच होती. पुणे आणि लंडन इथल्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तेव्हा आपल्या बाळांच्या रक्तात इन्सुलिन जास्त आढळलं.

म्हणजे मधुमेहाकडे नेणारी वाट चाळिशीतल्या सुटलेल्या पोटापासून सुरू होत नाही, ती आईच्या पोटातच आखली जाऊ लागते. ‘आमच्या घरात कुणी जाड नाही, मग साखर कशी निघाली?’ हा प्रश्न दवाखान्यांतून रोज विचारला जातो. त्याच्या उत्तराचा मोठा भाग या अभ्यासात आहे. आशियाई लोकांसाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ वरून २३ वर आणली गेली आणि कंबरेच्या घेरासाठी पुरुषांना ९० सेंटिमीटर, स्त्रियांना ८० सेंटिमीटर अशी मर्यादा ठरली, तीही याच कारणासाठी.

इन्सुलिन खलनायक नाही

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं जेमतेम चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाच्या एका चमच्यात मावेल एवढं. दोन पोळ्या, वरणभात आणि बटाट्याची भाजी जेवलं, की पुढच्या दोन-तीन तासांत याच्या दहा-पंधरा पट ग्लुकोज आतड्यातून रक्तात उतरतं. तरीही निरोगी माणसाच्या रक्तातली पातळी फार वाढत नाही. ही किमया इन्सुलिनची.

स्वादुपिंडातल्या बीटा पेशी हे संप्रेरक सोडतात आणि ते तीन ठिकाणी काम करतं. स्नायूंना ते ग्लुकोज आत घ्यायला लावतं. यकृताला ग्लुकोज साठवायला सांगतं आणि नवं ग्लुकोज बनवणं थांबवतं. आणि चरबीच्या पेशींना साठा धरून ठेवायला लावतं. हे तिसरं काम धरून ‘इन्सुलिनच माणसाला जाड करतं’ असा प्रचार चालतो. तो अर्धवट आहे. गरजेपेक्षा जास्त अन्न आलं, तरच साठा वाढतो. इन्सुलिन त्या साठ्याची व्यवस्था लावतं.

इन्सुलिन नसेल तर काय होतं, हे शंभर वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांनी रोज पाहिलं होतं. स्वादुपिंडाने काम थांबवलेली मुलं काही महिन्यांत झिजून जात. १९२१ साली टोरांटोमध्ये फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क वेगळा काढला. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला, आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन हा चौदा वर्षांचा मुलगा त्या औषधाने मरणाच्या दारातून परतला. बँटिंग आणि ज्यांच्या प्रयोगशाळेत हे काम झालं ते मॅक्लाउड यांना १९२३ चं नोबेल मिळालं. बँटिंग यांचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, आज जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. ज्यांना इन्सुलिनचं इंजेक्शन सांगितलं आहे, त्यांनी ते ‘वजन वाढेल’ या भीतीने टाळणं किती घातक आहे, हे या इतिहासावरून ध्यानात यावं.

आपल्याकडच्या बहुसंख्य लोकांचं दुखणं वेगळं असतं. इन्सुलिन तयार होत असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. त्वचेखाली चरबी साठवण्याची मर्यादा संपली, की ती पोटातल्या अवयवांभोवती, यकृतात आणि स्नायूंत शिरते. तिथे गेलेली चरबी इन्सुलिनचं काम बिघडवते. मग तेवढ्याच परिणामासाठी स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन ओतावं लागतं. अशी काही वर्षं रक्तातली साखर ‘नॉर्मल’ दिसते. पुढे बीटा पेशी थकतात आणि साखर चढू लागते. मानेवर किंवा काखेत काळपट, मखमली पट्टा दिसणं ही या आधीच्या काळातली एक खूण असते. मुलांच्या मानेवरचा तो पट्टा अनेक घरांत मळ समजून घासला जातो. तो घासून जाणार नाही, मुलाला डॉक्टरांना दाखवायला हवं.

साखर कुठे नेते

उसाची साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोज. ग्लुकोज शरीरभर वापरलं जातं, तर फ्रुक्टोजचा बराचसा भार यकृतावर पडतो. थोडं असेल तर यकृत ते सहज हाताळतं. रोज मोठ्या प्रमाणात, विशेषतः पेयांतून भराभर येऊ लागलं, की त्यातल्या काही भागाची यकृतातच चरबी होते. दारूला कधी न शिवलेल्या माणसाच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ निघतं, त्यामागच्या कारणांपैकी हे एक आहे. गूळ, मध आणि काकवी यांतही मुख्यतः हीच द्रव्यं असतात. गुळात थोडी खनिजं असतात खरी, पण ‘गुळाचा चहा कितीही चालतो’ ही समजूत टाकून द्यावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या आणि रस, मध यांतल्या साखरेची मर्यादा रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं. शक्य तर ती ५ टक्क्यांच्या आत आणावी, म्हणजे रोज साधारण २५ ग्रॅम. आता आपल्या घरातला हिशेब करा. कपाला दोन चमचे साखर आणि दिवसाला चार कप चहा धरला, तर ३० ते ४० ग्रॅम साखर चहातूनच गेली. बिस्किटं, सॉस, बाटलीतला ‘फळांचा’ रस यांची गणती पुढेच. पाकिटामागच्या यादीत लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, कॉर्न सिरप अशी नावं दिसली, तर ती साखरेचीच भावंडं आहेत.

म्हणून फराळाच्या ताटावर वाक्ताडन करण्यात अर्थ नाही. भाऊबीजेला खाल्लेली करंजी किंवा बेसनाचा लाडू मधुमेह आणत नाही. उरलेले तीनशे साठ दिवस काय चालतं, त्यावर तो ठरतो. आणि गोड सोडलं म्हणजे काम झालं असंही नाही. साबुदाणा, मैदा आणि पांढरा भात यांतला पिष्टमय भागही पचून ग्लुकोजच होतो. भारतीय माणसाच्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ या देशव्यापी सर्वेक्षणात दिसून आलं. आपल्या ताटात प्रथिनांची बाजू लंगडी आहे. त्यासाठी परदेशी पावडरी लागत नाहीत. मटकीची उसळ, पिठलं, दही, अंडी, मासे, मूठभर शेंगदाणे रोजच्या जेवणात वाढवले आणि त्या प्रमाणात भात-पोळी कमी केली, तर ताट बरंच सावरतं.

ड जीवनसत्त्वाकडून किती मागावं

ड जीवनसत्त्वाचं शरीरात एक संप्रेरकच बनतं. उन्हातले अतिनील-बी किरण त्वचेवर पडले की ते तिथे तयार होतं, मग आधी यकृतात आणि नंतर मूत्रपिंडात त्याचं कामाचं रूप बनतं. हाडांसाठी ते अत्यावश्यक आहे. बीटा पेशींतही त्याला ओळखणारे ग्राहक असतात, त्यामुळे इन्सुलिनशी त्याचं नातं असावं, ही शंका रास्त होती. शिवाय लठ्ठ आणि मधुमेही लोकांत हे जीवनसत्त्व कमी आढळत होतं. मग गोळ्या दिल्या तर वजन उतरेल का आणि मधुमेह टळेल का?

वजनाच्या प्रश्नाचं उत्तर २०१३ मध्ये बरंच स्पष्ट झालं. करणी विमलेश्वरन आणि सहकाऱ्यांनी सुमारे ४२ हजार लोकांच्या जनुकीय माहितीवरून दाखवलं, की वजन वाढल्यामुळे ड जीवनसत्त्व घटतं. ते घटल्यामुळे वजन वाढतं, याला मात्र पुरावा मिळाला नाही. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं आणि मोठ्या शरीरात ते पसरून जातं, म्हणून रक्तातलं प्रमाण कमी दिसतं.

मधुमेहाच्या प्रश्नासाठी अमेरिकेत ‘डी-टू-डी’ नावाची चाचणी झाली. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २,४२३ जणांपैकी निम्म्यांना रोज ४,००० युनिट ड जीवनसत्त्व दिलं, निम्म्यांना बिनऔषधी गोळी. २०१९ मध्ये निकाल आला. ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांत मधुमेह किंचित कमी होता, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. २०२३ मध्ये अशा तीन चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा उंबरठ्यावरच्या लोकांचा धोका सुमारे १५ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. म्हणजे फायदा असलाच, तर तो माफक आहे, आणि चालणं-जेवण सुधारण्याला तो पर्याय नाही.

कमतरता मात्र भरून काढलीच पाहिजे. ‘कोवळं ऊन घ्या’ हा सल्ला घरोघरी दिला जातो, पण सकाळच्या तिरप्या उन्हात अतिनील-बी किरण फार थोडे पोचतात. ते दुपारच्या आसपासच्या उन्हात असतात. खिडकीच्या काचेतून ते जवळजवळ येतच नाहीत. सावळ्या त्वचेला उन्हात अधिक वेळ द्यावा लागतो. बांगडा, तारली आणि अंड्याचा पिवळा बलक यांतून थोडं मिळतं, आणि पोषक द्रव्यं मिसळलेल्या दुधातूनही. आयसीएमआरने प्रौढांसाठी रोज ६०० युनिट पुरेसे धरले आहेत. ६०,००० युनिटची कॅप्सूल हा आठवड्यातून एकदा, ठराविक काळापुरता करायचा उपचार आहे. डॉक्टरांना न विचारता ती महिनोन् महिने घेत राहिलं, तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

काय केल्याने फरक पडतो

याचं उत्तर आपल्याच देशात मिळालं आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर केलेल्या चाचणीचा निकाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत, नुसता जुजबी सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. रोजचं चालणं आणि आहार यांचा पाठपुरावा झालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर राहिलं. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की या दुसऱ्या गटाचं वजन म्हणावं तसं घटलंच नव्हतं. काटा हलला नाही, तरी शरीर आतून सुधारत होतं.

याचं एक कारण स्नायूंत आहे. चालताना, जिने चढताना, वजन उचलताना स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातलं ग्लुकोज ओढून घेतात. म्हणून जेवणानंतरची पंधरा मिनिटांची शतपावली हा खराखुरा उपचार आहे. आठवड्यातून दोनदा उठाबशा, जोर किंवा पाण्याचे डबे उचलण्याइतका व्यायाम केला, तर वाढत्या वयात झिजणारे स्नायूही टिकतात. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आहारात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, नाहीतर साखर एकदम खाली येऊ शकते.

मोजायचं ते असं. महिन्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर टेप लावून कंबर मोजा. तिशीनंतर ठराविक अंतराने एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी, करून घ्या. ५.७ टक्क्यांच्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ हा उंबरठा, ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’च्या अंदाजानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटींहून अधिक लोक उंबरठ्यावर आहेत. सर्वाधिक प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात आढळलं: २६.४ टक्के. उंबरठ्यावरून मागे फिरता येतं, म्हणून त्या साडेतेरा कोटींपर्यंत ही माहिती वेळेवर पोचायला हवी.

आणि तरीही सगळ्यात मोठं काम मूल जन्माला येण्याच्याही आधीचं आहे. पुण्याजवळच्या त्या सहा गावांतल्या अभ्यासात ज्या मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं दिसली होती. म्हणून वाढत्या वयाच्या मुलीला भावाइतकंच दूध, अंडं आणि उसळ मिळणं, तिने शेवटी उरलेल्यावर न जेवणं, तिला मैदानावर खेळायला मिळणं, हा मधुमेहाविरुद्धचा सर्वांत लांब पल्ल्याचा उपाय आहे. पुढच्या पिढीचे स्नायू आणि स्वादुपिंड तिच्या ताटावर अवलंबून आहेत. तिच्या ताटात काय वाढलं जातं, याची जबाबदारी आपल्या प्रत्येक घराची आहे.