पुढच्या रांगेतले बुटके डेलिया

मागच्या डिसेंबरात बालाघाटला दोन दिवस मावठा पडला आणि आमच्या अंगणातले डेलिया आडवे झाले. चार फुटांची झाडं, त्यांवर ताटलीएवढी फुलं. पाकळ्यांत पाणी साचलं की डेलियाच्या पोकळ दांड्याला तो भार पेलत नाही. बाबा होते तोवर प्रत्येक झाडाला वेळेवर बांबूची काठी लागलेली असायची. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. त्या संध्याकाळी आई एकटीच काठ्या आणि सुतळी घेऊन वाफ्यात उतरली, ओल्या मातीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन नागपूरला झालं. मी पुण्याहून आले, दादा बंगळुरूहून आला. दोघांनी ठरवून टाकलं की आता आईने पुण्याला माझ्याकडे यायचं. आई म्हणाली, "येईन गं. पण मार्चमध्ये डेलियाचे कंद कोण काढणार?"

मला रागच आला. ज्या झाडांमुळे पडली, त्यांचीच काळजी! पण महिनाभर घरून काम करताना मी बघत होते. आई वॉकर घेऊन ओट्यावर येऊन बसायची आणि उरलेल्या फुलांकडे बघत राहायची. तेव्हा लक्षात आलं, प्रश्न डेलिया ठेवायचे की नाही हा नाहीच. डेलिया कोणते आणि कुठे लावायचे, हा आहे.

आधी बसायची जागा, मग झाड

वाफ्याची 'पुढची बाजू' कोणती? आमच्याकडे ती नेहमी फाटकाकडची असायची, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांना फुलं दिसली पाहिजेत. मी टेप घेऊन आईच्या खुर्चीपासून मापं घेतली. खुर्चीत बसल्यावर तिची नजर जमिनीपासून साधारण पावणेचार फुटांवर असते. म्हणजे चार फुटी झाडं ओट्यासमोर लावली तर तिला नुसती पानं दिसणार, फाटकही दिसणार नाही. शिवाय डॉक्टरांनी वाकायला सक्त मनाई केलेली.

म्हणून ओट्याला लागून दहा फूट लांबीचा, विटांचा दीड फूट उंच वाफा बांधून घेतला. त्यात सव्वा फुटाचं झाड लावलं की फुलं पावणेतीन फुटांवर येतात. बसल्या जागी हात पोचतो आणि वरून फाटकही दिसतं. उंच वाफ्याचा दुसरा फायदा म्हणजे पाण्याचा निचरा. डेलियाच्या कंदाला ओल लागते, पण साचलेलं पाणी चालत नाही. आमची माती पाणी धरणारी, म्हणून वाळू आणि कुजलेलं शेणखत भरपूर मिसळलं.

बुटकं कशाला म्हणायचं?

इथे मी दोन चुका केल्या. त्या तुम्ही करू नका.

पहिली चूक वेळेची. युरोपातल्या बागांचे व्हिडिओ पाहून मी एप्रिलच्या शेवटी थोडे कंद लावले. तिकडे थंडी संपल्यावर मे महिन्यात डेलिया लावतात आणि उन्हाळाभर फुलं घेतात. आपल्याकडचा मे म्हणजे भट्टी. कोंब आले आणि करपले. दुसऱ्या सिस्टिमसाठी लिहिलेला कोड जसाच्या तसा चालवायचा नसतो, हे मी ऑफिसात नव्या मुलांना रोज सांगते!

डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला. १७८९ मध्ये तो माद्रिदच्या वनस्पती उद्यानात पोचला. १७९१ मध्ये तिथल्या कावानिलेस यांनी स्वीडनचे वनस्पतीशास्त्रज्ञ आंद्रेस डाल यांच्यावरून त्याला नाव दिलं. मेक्सिकोने १९६३ मध्ये त्याला राष्ट्रीय फुलाचा मान दिला. डोंगरातलं झाड असल्याने त्याला लख्ख ऊन आणि गार रात्री लागतात. बालाघाटला हे दोन्ही एकत्र मिळतं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत.

दुसरी चूक निवडीची. एका नर्सरीतून सहा 'बुटकी' रोपं आणली. कुंडीत वीतभर उंचीची, प्रत्येकावर एक फूल. वाफ्यात लावल्यावर त्यातली दोन तीन फुटांवर गेली. कुंडीतलं रोप लहान दिसतं ते कधी लहान कुंडीमुळे, कधी वाढ रोखणाऱ्या औषधामुळे. तो परिणाम ओसरला की झाड आपल्या मूळ उंचीवर जातं. म्हणून झाडाकडे बघून ठरवू नका, जातीचं नाव आणि पूर्ण वाढीची उंची विचारा. वाफ्यासाठीचे बुटके डेलिया दोन फुटांच्या आतच राहतात. अगदी पुढच्या रांगेला ३० ते ४५ सेंटिमीटरची जात हवी. बियांपासून येणाऱ्या फिगारो आणि रिगोलेटो या जाती याच मापातल्या आहेत. शेंडा खुडल्याने झाड फुटव्यांनी भरतं हे खरं, पण उंच जात त्यामुळे बुटकी होत नाही.

आमचं वेळापत्रक

गणपती उठल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी, ट्रेमध्ये बी पेरलं. आठ-दहा दिवसांत उगवलं. चार पानं आल्यावर रोपं लहान कुंड्यांत हलवली आणि पानांच्या तीन जोड्या झाल्यावर शेंडा खुडला. बियांच्या पाकिटात रंग मिसळलेले असतात. म्हणून पहिल्या कळीचा रंग दिसेपर्यंत रोपं कुंडीतच ठेवली आणि मग आईने रांग लावली: मध्ये लाल, दोन्हीकडे पिवळे, टोकांना पांढरे. दोन रोपांत एक फूट अंतर, म्हणजे दहा फुटांत दहा झाडं पुरली. काठी एकालाही लागली नाही.

एकेरी पाकळ्यांचे चार आणि भरगच्च दुहेरी सहा. दुहेरी फूल जास्त दिवस टिकतं. एकेरीचा पिवळा मधला भाग उघडा असल्याने त्यावर मधमाश्या येतात. आईला एकेरीच जास्त आवडले, "निदान कोणी भेटायला तरी येतं" म्हणून.

आता रोज सकाळी चहा झाल्यावर ती खुर्चीत बसून सुकलेली फुलं खुडते. ती काढली नाहीत तर झाड बी धरायला लागतं आणि नव्या कळ्या कमी होतात. कळी कोणती आणि सुकलेलं फूल कोणतं, यात मी गोंधळायचे. आईने एका वाक्यात शिकवलं: "गोल गुबगुबीत ती कळी, टोकदार शंकूसारखं ते झालेलं फूल." खत बेताचंच घालायचं. युरियासारखं नत्र जास्त झालं की पानं माजतात आणि फुलं रुसतात. माव्यासाठी निंबोळी तेलाची फवारणी पुरली.

बाबांचे उंच डेलिया काढले नाहीत. त्यांचे वाचलेले कंद मागे कंपाउंडच्या भिंतीलगत जमिनीतच लावले. काठ्या मी दिवाळीला आले तेव्हाच ठोकून गेले. आईला तिकडे जायची गरज नाही, पण ओट्यावरून बुटक्यांच्या डोक्यावरून ते दिसतात.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाफा भरून फुलला होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाप्पा! यंदा काठ्याच नाहीत?" आईने उरलेली बारा रोपं वाण म्हणून वाटली आणि प्रत्येकीला शेंडा खुडायचं बजावून सांगितलं.

राहिला पुण्याचा प्रश्न. तोही कंदांनीच सोडवला. मार्चअखेर फुलं ओसरली की पाणी कमी करायचं, दांडा वीतभर ठेवून कापायचा, कंद उकरून सावलीत सुकवायचे आणि कोरड्या वाळूत ठेवायचे. कंद तोडायचे झाले तर प्रत्येकाला दांड्याजवळचा थोडा भाग राहू द्यायचा, कारण डोळा तिथेच असतो. हे कंद ऑगस्टपर्यंत झोपलेले असतात. तेव्हा आईने जाहीर केलंय: एप्रिल ते ऑगस्ट ती माझ्याकडे आणि गणपतीआधी परत बालाघाटला. गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेसची दोन तिकिटं काढायची आहेत. वाळूची पेटी सोबत नेणार का, यावर आमचं अजून भांडण चालू आहे.