शक्ती अपार, काम चिटणिसाचे

मुलांच्या हाती चित्रकथा दिली की घर शांत होते, म्हणून आपण ती चाळूनही पाहत नाही. चाळायला हवी. अमेरिकेतल्या १९४० ते १९६० या काळातल्या चित्रकथांत स्त्री कशी रंगवली होती, ते आम्ही मुद्दाम सांगत आहोत.

१९४१ साली मानसशास्त्रज्ञ विल्यम मार्स्टन यांनी 'वंडर वुमन' उभी केली. मनगटातल्या कड्यांवर गोळ्या अडवणारी ही वीरांगना १९४२ साली पुरुष वीरांच्या 'जस्टिस सोसायटी'त गेली. तिथे काम कोणते मिळाले? चिटणिसाचे! बाकीचे मोहिमेवर निघाले की हिने दप्तर सांभाळायचे. मंडळांतून राबलेल्या आमच्या भगिनींना यात नवे काही वाटणार नाही.

तरी तिच्या अंकांत थोर स्त्रियांची चरित्रे येत. गुलामगिरीत जन्मलेल्या सोजर्नर ट्रुथ यांचे चरित्र १९४५ साली आले. १९४७ साली मार्स्टन वारले. पुढे ही चरित्रे मागे पडली आणि लग्नाच्या चालीरीतींची पाने आली. १९४७ सालीच 'यंग रोमान्स' निघाले. मग प्रेमकथांचा पूर लोटला. मुलगी चुकते, रडते आणि शेवटी लग्न. कथा सांगणारी 'मी' मुलगी, लिहिणारे मात्र बहुतेक पुरुष!

आणि काळी स्त्री? या पुस्तकांत ती जवळजवळ नव्हतीच. कुठे असली तर मोलकरीण, तीही हसण्यापुरती.

पुस्तकांनी न दिलेली जागा एका साप्ताहिकाने दिली. 'पिट्सबर्ग कुरियर' हे काळ्या समाजाचे पत्र. त्यात जॅकी ऑर्म्स या काळ्या चित्रकर्तीने १९३७ साली टॉर्ची ब्राउन रेखाटली. ही मिसिसिपीची पोर एकटी न्यूयॉर्कला निघते. १९४५ पासून १९५६ पर्यंत त्यांची चिमुरडी पॅटी-जो वर्णभेदावर फटकळपणे बोलत राहिली. १९४७ साली तिची बाहुलीही बाजारात आली, चांगल्या कपड्यांसह.

१९५० साली टॉर्ची परत आली, ती १९५४ पर्यंत. प्रेमात ठेचा तिलाही लागतात, पण ती परिचारिका होते आणि विषारी प्रदूषणाशी व वर्णद्वेषाशी झगडते. शेजारी कापून घ्यायची कागदी टॉर्ची आणि तिचे झोकदार पोशाख. कुणी म्हणेल, हेही नटवेपणच. आम्हाला तसे वाटत नाही. ज्या बायकांना चित्रात फडके नि झाडूच मिळत होता, त्यांच्या मुली कात्री घेऊन स्वतःसारख्या दिसणाऱ्या बाईला हवा तो पोशाख चढवू शकत होत्या.