कारागिराची बॅटरी : निगा, नूतनीकरण आणि निरोप

सुतारकाम, वीजजोडणी, अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बसविणे, पत्र्याच्या छपरांची उभारणी अशा अनेक व्यवसायांत गेल्या काही वर्षांत मोठे स्थित्यंतर घडून आले आहे. हाताने फिरवावयाच्या गिरमिटाची जागा प्रथम विजेवरील ड्रिलने घेतली आणि आता त्या ड्रिलची वायरही गळून पडली आहे. वीजजोडणी न झालेली अर्धवट इमारत असो, उंच शिडी असो वा शेतातील पंपाची खोली असो, बॅटरीवर चालणारी हत्यारे घेऊन कारागीर तेथे सहज काम करू शकतो.

या सोयीबरोबर एक नवा खर्चही आला आहे. ड्रिलची मोटर नीट वापरल्यास वर्षानुवर्षे टिकते. बॅटरी मात्र त्याआधीच थकते. नव्या बॅटरीची किंमत ऐकून कारागीर विचारात पडतो. कोणी सुस्थितीतील हत्यारच भंगारात घालतो, तर कोणी बॅटरीची पेटी घरीच पेचकसाने उघडून बसतो. पहिल्या मार्गात पैशाचे नुकसान आहे आणि दुसऱ्यात जिवाला धोका आहे. या दोहोंच्या मधला, हिशेबाचा आणि सुरक्षिततेचा मार्ग कोणता, याची माहिती या लेखात दिली आहे.

सहा दशकांची वाटचाल

निकेल व कॅडमियम या धातूंवर आधारलेली, पुन्हा पुन्हा भारित करता येणारी बॅटरी स्वीडनचे संशोधक वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ साली तयार केली. हातातील हत्याराला ती जोडली जाण्यास मात्र साठ वर्षे लागली. अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ साली बॅटरीवरील ड्रिल बाजारात आणले. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत चंद्राच्या पृष्ठभागात भोके पाडण्यासाठी बॅटरीवरील ड्रिलच वापरण्यात आले होते. जपानच्या मकिता कंपनीने १९७८ साली निकेल-कॅडमियम बॅटरीचे ड्रिल विक्रीस काढले आणि अशी हत्यारे सर्वसामान्य कारागिराच्या हाती येऊ लागली.

दुसरा टप्पा लिथियम-आयन बॅटरीचा. सोनी कंपनीने १९९१ साली ही बॅटरी व्यापारी तत्त्वावर प्रथम आणली. जड कामाच्या हत्यारांत ती २००५ च्या सुमारास आली आणि तिने जुन्या बॅटरीला झपाट्याने मागे टाकले. कॅडमियम विषारी असल्यामुळे युरोपीय संघाने अशा हत्यारांसाठी निकेल-कॅडमियम बॅटरीच्या विक्रीस २०१६ अखेर बंदी घातली. आपल्याकडे नवी हत्यारे बहुतांशी लिथियमची असली, तरी जुन्या बॅटऱ्या अनेक कारागिरांच्या पेटीत अजूनही आहेत. दोन्हींचे स्वभाव भिन्न असल्याने आपली बॅटरी कोणत्या जातीची आहे, हे तिच्यावरील चिठ्ठी वाचून प्रथम समजून घेणे आवश्यक आहे.

पेटीच्या आत काय असते?

बाहेरून एकच दिसणारी बॅटरी ही वस्तुतः अनेक छोट्या विद्युतघटांची, म्हणजे सेलची, माळ असते. निकेल-कॅडमियमच्या एका सेलचा विद्युतदाब १.२ व्होल्ट असतो. म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीत असे १० सेल एकापुढे एक जोडलेले असतात. लिथियम-आयन सेलचा सर्वसाधारण दाब ३.६ व्होल्ट असतो. म्हणून १८ व्होल्टच्या बॅटरीत ५ सेल पुरतात. हाच सेल पूर्ण भारित झाल्यावर सुमारे ४.२ व्होल्टपर्यंत चढतो. त्यामुळे काही कंपन्या त्याच पाच सेलच्या बॅटरीवर '२० व्होल्ट' असे छापतात. ग्राहकाने त्यावरून ती अधिक शक्तिमान आहे असे समजू नये.

किती वेळ काम चालेल, हे अँपिअर-तास या आकड्यावरून कळते. २.५ अँपिअर-तासाच्या सेलच्या दोन समांतर रांगा केल्या की दहा सेलची ५ अँपिअर-तासाची बॅटरी तयार होते. १८ व्होल्टच्या अशा बॅटरीत ९० वॅट-तास ऊर्जा साठते. हिशेबाने पाहता, ९ वॅटचा एलईडी दिवा दहा तास चालावा एवढी ही ऊर्जा आहे. पेटीत लघुपरिपथ झाला, म्हणजे बोलीभाषेत 'शॉर्ट' झाले, तर हीच ऊर्जा काही क्षणांत उष्णतेच्या रूपाने बाहेर पडू लागते. लिथियम सेलमधील द्रव ज्वालाग्राही असतो, ही गोष्टही ध्यानात ठेवावी.

लिथियमच्या पेटीत सेलखेरीज एक छोटे नियंत्रक मंडल असते. बॅटरी मर्यादेबाहेर रिकामी होऊ नये, तापू नये आणि तिच्यातून अवाजवी प्रवाह जाऊ नये, यावर ते पहारा ठेवते.

बॅटरी का थकते?

प्रत्येक भारणाबरोबर सेलच्या अंतर्भागात थोडा थोडा कायमचा बदल होतो. लिथियम सेलची धारणशक्ती साधारणतः काही शे भारणांनंतर जाणवण्याइतकी घटते. सेलचा अंतर्गत रोधही वाढत जातो. त्यामुळे दिवा 'पूर्ण' दाखवितो, पण सागवानात भोक पाडू लागताच ड्रिल थांबते.

दुसरे कारण उष्णतेचे. विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेली बॅटरी वापराविनाही झिजत असते. तिसरे कारण विषमतेचे. माळेतील सर्व सेल सारख्या वेगाने थकत नाहीत. एक अशक्त झाला की तो सर्वांत आधी रिकामा होतो आणि त्याच्यासाठी सारी बॅटरी बंद पडते. गाड्याची गती जशी थकलेल्या बैलावर ठरते, तसाच हा प्रकार आहे. निकेल-कॅडमियमच्या माळेत तर असा अशक्त सेल इतरांच्या जोराने उलट्या दिशेने भारित होऊन कायमचा बिघडतो.

आधी निदान, मग उपाय

बंद पडलेली प्रत्येक बॅटरी निकामी असतेच असे नाही. पेटी न उघडता पुढील चार गोष्टी कोणालाही पाहता येतील.

१. बॅटरीच्या व चार्जरच्या धातूच्या पट्ट्यांवर लाकडाचा भुसा, सिमेंट किंवा गंज आहे काय? असल्यास चार्जरचा प्लग काढून कोरड्या ब्रशने पट्ट्या स्वच्छ कराव्यात.

२. त्याच चार्जरवर दुसरी बॅटरी भारित होते काय? होत नसेल तर दोष चार्जरचा आहे.

३. बॅटरी तापलेली आहे काय? अनेक चार्जर बॅटरी ४० ते ४५ अंश सेल्सिअसहून अधिक तापली असल्यास भारण सुरूच करीत नाहीत. दिवा लुकलुकत राहतो. उन्हाळ्यात बॅटरी सावलीत ठेवून थंड होऊ दिल्यास हा 'बिघाड' आपोआप दूर होतो.

४. दुसरी चांगली बॅटरी लावल्यावर हत्यार व्यवस्थित चालते काय? चालत नसेल तर दोष मोटरचा किंवा स्विचचा असू शकतो.

एवढे करूनही बॅटरी दाद देत नसेल, तर ती जाणकार तंत्रज्ञाकडे न्यावी. तो पेटी उघडून प्रत्येक सेलचा दाब स्वतंत्रपणे मोजतो. सर्व सेल थोड्याफार फरकाने सारखे आढळल्यास सेलऐवजी नियंत्रक मंडलावर संशय घ्यावा लागतो. चार सेल ३.८ व्होल्टवर आणि एकच २.९ व्होल्टवर आढळल्यास, योग्य साधनाने तो सेल इतरांच्या पातळीवर आणून बॅटरी पुन्हा कामास लावता येण्याजोगी असते. मात्र तोच सेल पुन्हा मागे पडू लागल्यास तो थकला असे समजावे.

नूतनीकरण कसे असावे?

निकेल-कॅडमियमच्या बॅटरीचे नूतनीकरण तुलनेने सोपे असते. जुने सर्व सेल काढून, पत्ती जोडून आलेले त्याच आकाराचे नवे सेल बसविता येतात. त्या जागी निकेल-मेटल हायड्राइडचे सेल बसवून कॅडमियम टाळताही येते. परंतु जुना चार्जर त्यांना मानवतो की नाही, हे आधी पडताळावे लागते. अशा पेटीत लिथियमचे सेल बसवून जुन्याच चार्जरने भारित करणे मात्र अत्यंत धोक्याचे आहे. जुना चार्जर लिथियमची मर्यादा ओळखत नाही.

लिथियम बॅटरीच्या बाबतीत कारागिराने तंत्रज्ञाला पुढील प्रश्न अवश्य विचारावेत.

सर्व सेल एकदम बदलणार काय? जुन्या सेलमध्ये एक-दोन नवे मिसळल्यास विषमता कायम राहते आणि नवेही लवकर थकतात. सर्व सेल एकाच कंपनीचे, एकाच क्षमतेचे व एकाच वेळी घेतलेले असावेत.

सेल जड कामाचे आहेत काय? १८ मिलिमीटर व्यासाचा व ६५ मिलिमीटर लांबीचा '१८६५०' हा सेल लॅपटॉपमध्येही असतो आणि ड्रिलमध्येही. दिसण्यात फरक नसला तरी गुणात आहे. ड्रिलचा सेल सलग २० अँपिअर वा अधिक प्रवाह देऊ शकतो; लॅपटॉपचा सेल त्या ताणाखाली भयंकर तापतो. बाजारात या आकाराच्या काही सेलवर ९९०० मिलिअँपिअर-तास असे छापलेले आढळते. एवढी क्षमता या आकारात मावतच नाही. ३५०० च्या आसपास त्याची मजल संपते. असा आकडा हीच नकली मालाची खूण होय.

जोडणी कशी करणार? सेलवर निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने बसवावी. सेलच्या अंगावर थेट कावीया टेकवून डाग देण्याने आतील भागाला उष्णता पोहोचून इजा होते.

नियंत्रक मंडल कायम ठेवणार काय? ते वगळून थेट जोडणी करणाऱ्याकडे बॅटरी देऊ नये. काही कंपन्यांचे मंडल एकदा दोष नोंदविल्यावर नवे सेल बसवूनही चालू होत नाही. पैसे देण्यापूर्वी बॅटरी आपल्या हत्याराला लावून प्रत्यक्ष भाराखाली चालवून पाहावी.

हे कदापि करू नये

अतिरिक्त रिकामा झालेला, सुमारे २ व्होल्टच्याही खाली गेलेला लिथियम सेल दुसऱ्या बॅटरीचा 'झटका' देऊन जागा करण्याची पद्धत काही ठिकाणी रूढ आहे. अशा सेलमध्ये तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागलेला असतो. पुन्हा भारण करताना ते तांबे नको त्या जागी साचून आतल्या आत लघुपरिपथ होऊ शकतो. सेल जागा झाल्यासारखा वाटतो आणि पुढे केव्हातरी पेट घेतो. फुगलेली, गळणारी किंवा उंचावरून पडून चेपलेली बॅटरी भारित करू नये. रात्री झोपताना, अंथरुणाजवळ किंवा दुकानाच्या दारात चार्जर चालू ठेवू नये. बॅटरीतून धूर येऊ लागल्यास तिला हात न लावता सर्वांनी बाहेर पडावे आणि १०१ क्रमांकावर अग्निशमन दलास कळवावे.

नवी घ्यावी की जुनी दुरुस्त करावी?

कंपनीची अस्सल बॅटरी मिळत असेल आणि सेल व मजुरी मिळून तिच्या निम्म्याहून अधिक खर्च येत असेल, तर हमीपत्रासह नवी घेणेच श्रेयस्कर. ते प्रतिमान बाजारातून गेले असेल, मोटर व चार्जर उत्तम असतील आणि विश्वासू तंत्रज्ञ उपलब्ध असेल, तर नूतनीकरण फायद्याचे ठरते. मोटर व बॅटरी दोन्ही थकली असल्यास त्यावर खर्च करू नये. पुढील खरेदी करताना एकाच कंपनीची, एकाच बॅटरीवर चालणारी हत्यारे घ्यावीत. म्हणजे पुढचे हत्यार बॅटरीविना, कमी किमतीत घेता येते.

सुतारासह अठरा पारंपरिक व्यवसायांतील पात्र कारागिरांना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यात आली. अशा साहाय्यातून हत्यार घेताना त्याची बॅटरी पुढेही मिळत राहील काय, हे विक्रेत्यास विचारून घेणे हिताचे ठरते.

जुन्या बॅटरीचा निरोप

जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतील कॅडमियम पाण्यावाटे भातशेतीत उतरले आणि हाडे ठिसूळ करणाऱ्या वेदनामय व्याधीने अनेक कुटुंबे ग्रासली. १९६८ साली जपान सरकारने या व्याधीचे मूळ कॅडमियममध्ये असल्याचे मान्य केले. उकिरड्यावर फेकलेली निकेल-कॅडमियम बॅटरी हेच विष मातीत सोडते. लिथियमची बॅटरी कचरागाडीत दाबली गेल्यास गाडीच पेटण्याचा संभव असतो.

केंद्र शासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम जारी केले. वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचे पुनर्चक्रण वा नूतनीकरण करण्याची जबाबदारी या नियमांनी उत्पादक व आयातदार यांच्यावर टाकली. व्यवसाय म्हणून नूतनीकरण करणाऱ्यास राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी आवश्यक ठरविण्यात आली. ग्राहकाचे कर्तव्यही त्यात सांगितले आहे : बॅटरी घरगुती कचऱ्यात न मिसळता ती संकलन, नूतनीकरण किंवा पुनर्चक्रण करणाऱ्याच्या स्वाधीन करावी. देण्यापूर्वी तिच्या धातूच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावावी आणि ती खिळे-मोळे असलेल्या डब्यात टाकू नये. निकेल, कोबाल्ट, तांबे, लिथियम ही मोलाची द्रव्ये त्यातून पुन्हा हाती येतात.

निगा हाच खरा उपाय

नूतनीकरणाची वेळच उशिरा यावी, यासाठी चार सवयी पुरेशा आहेत. हत्यार मंदावताच काम थांबवून बॅटरी बदलावी. काम संपताच गरम बॅटरी चार्जरला लावू नये. काही आठवडे काम नसल्यास लिथियमची बॅटरी अर्धी भारित करून थंड, कोरड्या जागी ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी तपासावी. चार्जर त्याच कंपनीचा व त्याच बॅटरीसाठीचा वापरावा.

पूर्वीचा सुतार संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी पटाशीला धार लावून ठेवी. आजच्या कारागिराच्या हत्याराची धार बॅटरीत आहे. ती त्याच आस्थेने जपली, तर वर्षाकाठी होणारा मोठा खर्च वाचेल, घर व दुकान सुरक्षित राहील आणि गावच्या मातीत विषही उतरणार नाही.