साइट नंबर ४२ नको

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण नवी जमीन दिसली की त्यांची नजर अजूनही आधी उतार शोधते. गेल्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, आम्ही अटलांटाच्या वायव्येला अलाटूना तलावाकाठच्या एका कँपग्राउंडवर पोहोचलो. मुलगा पाण्याच्या दिशेनं पळाला, नवरा विजेचा खांब बघायला गेला आणि बाबा, पायात मोजे आणि वर चपला अशा अवतारात, पाइनच्या वाळक्या सुया अंगठ्यानं उकरत उभे राहिले. सुया सगळीकडे सारख्या पसरलेल्या नव्हत्या. आमच्या जागेच्या बरोबर मधून त्यांची बोटभर जाड, नागमोडी रेघ गेली होती. रेघेत काटक्या अडकलेल्या आणि एक बाटलीचं झाकण.

"अगं, हा ओघळ आहे. पाऊस आला की पाणी इथून जाणार. तंबू त्या पलीकडच्या उंचवट्यावर लावा."

हे शहाणपण मला आमच्या पहिल्या कँपिंगच्या वेळी हवं होतं. तेव्हा मे महिना होता आणि जागा मी फोटोवरून निवडली होती. वर झाडांची कमान, खाली बशीसारखी मऊ, सपाट जमीन. त्या बशीचा अर्थ रात्री दोनला कळला. गडगडाटी पाऊस सुरू झाला आणि अर्ध्या तासात आमची हवेची गादी तंबूच्या आत तरंगायला लागली. उरलेली रात्र आम्ही गाडीत बसून काढली. सकाळी समोरच्या जागेवर, जी मी "नुसती खडी आहे, रुक्ष वाटते" म्हणून सोडली होती, एक आजीबाई कोरड्या खुर्चीत कॉफी पीत बसल्या होत्या.

जॉर्जियाची लाल माती कोकणातून आलेल्या माणसाला चटकन आपली वाटते. लाली लोखंडाचीच, इथेही आणि तिथेही. पण रंगावर जाऊ नये. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पिऊन टाकतो. इथली चिकणमाती पाणी धरून बसते. तंबूवाल्यानं म्हणूनच खडीची, कडेला लाकडी ओंडके लावून भर घातलेली जागा बघितली की तिला नाक मुरडू नये.

आपल्याकडे पवना धरणाच्या काठी कँपिंग म्हणजे आयते लावलेले तंबू, बार्बेक्यू आणि रात्रभर स्पीकर. अमेरिकेत कँपग्राउंडवर तुम्हाला मिळते ती फक्त नंबर असलेली जमीन. एक लाकडी टेबल, शेकोटीसाठी लोखंडी कडं, जवळपास नळ आणि थोडं चालून गेलं की न्हाणीघर. बिऱ्हाड तुमचं तुम्ही आणायचं, तंबूत किंवा चाकांवर. त्यामुळे निवड खरी करायची असते ती कँपग्राउंडची नव्हे, त्या नंबराची.

ही नंबरांची रचना एका झाडांच्या डॉक्टरनं बसवली. १९२०च्या दशकात मोटारी स्वस्त झाल्या आणि लोक मिळेल त्या झाडाखाली गाडी घालून मुक्काम ठोकू लागले. वनस्पतिरोगतज्ज्ञ ई. पी. माइनेकी कॅलिफोर्नियातल्या महावृक्षांचा अभ्यास करत होते. चाकांनी आणि पावलांनी माती इतकी दाबली जाते की मुळं गुदमरतात, हे त्यांच्या लक्षात आलं. १९३२मध्ये त्यांनी उपाय मांडला: एकेरी वाहतुकीचा वळसा घेणारा रस्ता, त्याला फांद्यांसारखी फुटलेली गाडी लावायची जागा आणि गाडी त्यापुढे जाऊ नये म्हणून मोठे दगड. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी बेकार तरुणांची 'सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर' उभी केली. १९४२पर्यंत या पोरांनी देशभर उद्यानं बांधली, दक्षिणेतही भरपूर. आज अलाबामात जा की आर्कन्सात, तोच वळसा, त्याच फांद्या. वळशाच्या आतल्या बाजूच्या जागा न्हाणीघराला जवळ पण चहूबाजूंनी उघड्या. बाहेरच्या बाजूच्या जागांची पाठ जंगलाला किंवा पाण्याला. मी डोळे मिटून बाहेरची घेते.

पाण्याला पाठ म्हणजे काय, हे मात्र महिना बघून ठरवावं. जॉर्जियात नैसर्गिक मोठे तलाव जवळजवळ नाहीतच, जे दिसतात ते धरणांचे फुगवटे. एटोवा नदीवरचं अलाटूना धरण १९५०मध्ये पूर्ण झालं, ते लष्कराच्या 'कोअर ऑफ इंजिनियर्स'नं बांधलं. १९४४च्या पूरनियंत्रण कायद्यानं या खात्याला जलाशयांकाठी विरंगुळ्याच्या सोयी करायची मुभा दिली होती. त्यामुळे दक्षिणेतली कितीतरी उत्तम कँपग्राउंडं आज लष्कराच्या अभियंत्यांच्या ताब्यात आहेत, ही गंमत अनेक अमेरिकनांनाही ठाऊक नसते. जागा ऐसपैस, भाडं वाजवी. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्या, बासष्टी ओलांडलेल्या माणसाकडे ८० डॉलरचा तहहयात ज्येष्ठ पास असेल तर तेही निम्मं. ग्रीन कार्ड घेतलेल्या कितीतरी मराठी आजी-आजोबांना तो मिळतो आणि कुणी सांगत नाही. बाबा व्हिजिटर व्हिसावर, म्हणून आमचे पूर्ण पैसे.

मुलगा पाण्याकडे पळाला म्हटलं, पण पाणी जागेवर नव्हतं. नकाशात आमची साइट 'तळ्याकाठची' होती. प्रत्यक्षात टेबलापासून पाण्यापर्यंत लाल चिखलाचा लांबच लांब उतार. अलाटूनाची उन्हाळी पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ८४० फूट, हिवाळी त्याहून बरीच खाली. दर वर्षी सोळा-सतरा फूट पाणी मुद्दाम उतरवतात. मी खट्टू झाले, बाबांची कळी खुलली. "आपल्याकडे ऑक्टोबरात धरण तुडुंब ठेवायची धडपड, कारण पुढचे आठ महिने त्याच्यावर काढायचे. हे लोक उलट रिकामं करतायत. यांचा पूर हिवाळ्यात आणि वसंतात येणार, त्याला जागा करून ठेवतायत." मग ते काठीनं चिखल तपासत खाली उतरले ते चहा होईपर्यंत वर आले नाहीत.

याच तलावाकाठी एक टेकडी आहे, मातीच्या रंगावरून तिचं नाव रेड टॉप. तिच्यावरचं राज्य उद्यान गोऱ्यांसाठी होतं. १९५०मध्ये शेजारीच दुसरं उद्यान निघालं, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्या नावाचं. जॉर्जियातलं कृष्णवर्णीयांसाठीचं ते पहिलं राज्य उद्यान. पाणी एक, काठ दोन. व्हर्जिनियातल्या शेनांडोआ राष्ट्रीय उद्यानातही १९३९मध्ये लुईस माउंटनचं कँपग्राउंड असंच वेगळं काढलं होतं. आज तिथं कुणीही राहतं. पण दक्षिणेत कुठला काठ निवडायचा हा प्रश्न एके काळी उतार आणि सावलीवर ठरत नव्हता, हे त्या काठावर चहा पिताना आठवतंच.

नदीकाठचं कँपग्राउंड म्हटलं की मला आर्कन्साचं अल्बर्ट पाइक आठवतं आणि हात आखडतो. वॉशिटा राष्ट्रीय वनातल्या अरुंद दरीत, लिटल मिझुरी नदीच्या काठी ते होतं. ११ जून २०१०च्या पहाटे डोंगरात प्रचंड पाऊस झाला आणि तीन-चार फुटांवरची नदी काही तासांत तेवीस फुटांच्या वर गेली. पूर्ण झोपेत असलेल्या वळशांमध्ये पाणी शिरलं. वीस माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. हवामान खात्यानं रात्रीच इशारा दिला होता, पण त्या दरीत मोबाइलला रेंज नव्हती, इशारा झोपलेल्यांपर्यंत पोहोचणार कसा? सर्वांत जास्त फटका बसला तो 'डी' वळशाला. तो पूरमैदानात होता आणि वीज-पाण्याची सोय असलेला, म्हणजे कुणीही आधी निवडला असता असा. त्यानंतर तिथला रात्रीचा मुक्काम बंद करण्यात आला.

तेव्हापासून डोंगरी नदीकाठची जागा घ्यायचीच असेल, तर आम्ही उजेडात पोहोचतो आणि पायी वर जायची वाट आधी चालून बघतो. झाडांच्या बुंध्यांवर, माणसाच्या उंचीच्या वर, वाळलेला कचरा अडकलेला दिसला तर गाडी वळवतो, भरलेले पैसे गेले तरी चालतील. बरोबर हवामानाच्या इशाऱ्यांचा बॅटरीवर चालणारा छोटा रेडिओ असतो. वसंतात वादळं-टॉर्नेडो येतात, तेव्हा तंबू आणि मोटरहोम दोन्ही कुचकामी. सिमेंटच्या ठोकळ्यांचं न्हाणीघर किती पावलांवर आहे, हेही मोजून ठेवायचं.

यावेळी बाबांसाठी आम्ही पंचवीस फुटी मोटरहोम भाड्यानं घेतली होती, नवरा आणि मुलगा शेजारी तंबूत. चाकांवरच्या घराची गणितं वेगळी. विजेच्या खांबावर ३० किंवा ५० अँपिअरचा खटका असतो. हा फरक वीस अँपिअरचा वाटतो, तो फसवा आहे. ३०चा म्हणजे ३,६०० वॉट, तर ५०मध्ये १२० व्होल्टच्या दोन वाहिन्या, म्हणजे १२,०००. आमचा खांब ३०चा. सकाळी हीटर चालू, चहाची किटली चालू आणि त्यात मी पोळ्या गरम करायला मायक्रोवेव्ह लावला: खटका पडला, काळोख. ऑगस्टमध्ये दोन एसीची गाडी घेऊन येणाऱ्यानं ३०ची साइट घेतली, तर त्याचं काय होईल हे सांगायला नको.

साइटची लांबी बघायची, शिवाय गाडी मागे घालायची आहे की आरपार जाणारी जागा आहे, हेही. मागे घालायची असली की शेजारचे लोक खुर्च्या रस्त्याकडे वळवून बसतात. कँपग्राउंडवर याच्याइतकी फुकट करमणूक नाही. नवरा चाकावर, मी मागे हात हलवत, आवाज वाढत चाललेला. शेवटी बाबा पुढे झाले आणि एस.टी. कंडक्टरच्या सुरात ओरडले, "येऊ द्या... येऊ द्या... डावीकडं मारा... बास्स!" गाडी दोन दणक्यांत बसली. समोरच्या गाडीतल्या जोडप्यानं टाळ्या वाजवल्या.

मैलापाण्याची तऱ्हाही एकदा बघून घ्यावी. प्रत्येक साइटला गटाराची जोडणी नसेल तर निघताना सामाईक ठिकाणी टाकी रिकामी करावी लागते. संडासाची आधी सोडायची आणि मोरीची नंतर, म्हणजे साबणाचं पाणी नळी धुऊन काढतं. हे शिकायला बाबांना अमेरिकेची गरज नव्हती.

बाकी छळ किरकोळ. उन्हाळ्यात सखल जॉर्जियात रात्रीही घाम निथळतो, तेव्हा तंबू घेऊन वर जावं. ब्लॅक रॉक माउंटन हे राज्यातलं सर्वांत उंच उद्यान ३,६४० फुटांवर आहे. उघड्या उन्हातल्या गवतावर अग्निमुंग्यांची वारुळं असतात. ही जात दक्षिण अमेरिकेतून अलाबामाच्या मोबील बंदरातून १९३०च्या दशकात शिरली आणि सगळी दक्षिण तिनं व्यापली. खुंटी ठोकायच्या आधी काठीनं माती टोचून बघायची. आणि नकाशात रेल्वेची रेघ शोधायची. इथे फाटकाआधी इंजिनानं भोंगा द्यायचा असा नियम आहे: दोन लांब, एक आखूड, एक लांब. रात्री तीनला तो ऐकून मी दचकले. मिरजेला रुळांजवळ वाढलेले बाबा घोरतच होते.

दक्षिणेत 'कँपग्राउंड' हा शब्द पर्यटनाहून जुना आहे. कापसाची निंदणी संपून वेचणी सुरू व्हायच्या मधल्या रिकाम्या दिवसांत लोक कुटुंबं घेऊन एका रानात जमत, आठवडाभर प्रवचनं ऐकत, एकत्र जेवत. आपल्या हरिनाम सप्ताहासारखंच. जॉर्जियात कव्हिंग्टनजवळचं सेलम कँपग्राउंड १८२८पासूनचं. अशा ठिकाणी कुटुंबं ज्या लाकडी खोल्यांत उतरतात, त्यांना अजून 'टेंट'च म्हणतात. तो पाहुणचार आजच्या कँपग्राउंडवर थोडा उरला आहे. आमच्या वळशाच्या तोंडाशी यजमान राहत होते, सत्तरीचे गृहस्थ. फुकट जागेच्या बदल्यात ते महिनोन्महिने तिथं राहून देखरेख करतात. ते संध्याकाळी सरपणाची मोळी घेऊन आले. शेकोटीत वांगं भाजताना बघून थबकले. भरिताचा पहिला घास त्यांनी शंकेनं घेतला, दुसरा मागून.

बाबांनी त्यांना सुयांची रेघ दाखवली. "ही जागा मी भिजलेल्यांना रात्री गाडीत बसलेलं बघायला ठेवली आहे," यजमान हसून म्हणाले. मग त्यांनी आमच्याकडचा कँपग्राउंडचा नकाशा मागून घेतला आणि पेन्सिलनं चार नंबरांवर गोल केला.

बाबांची वही परवा कपाटात सापडली. परत जाताना ती इथंच राहिली. शेवटच्या पानावर त्यांचं बारीक, तिरकं अक्षर: "१७ - चांगली. भर घातलेली, सावली पश्चिमेला. २३ - चांगली, पण रेल्वे. ३१ - न्हाणीघर जवळ, दिव्याचा उजेड तोंडावर. ४२ - नको. सुया."