चित्रेचे वजन

चैत्री पौर्णिमेचा चंद्र जिच्या आसपास असतो, ती चित्रा डोळ्यांना एकटी दिसते. वस्तुतः तेथे दोन तारे साधारण चार दिवसांत एकमेकांभोवती फेरी पुरी करतात. वर्णपटावरून त्यांचा वेग पूर्वीच मोजला गेला होता. पण तो केवळ आपल्या दिशेने येण्याजाण्याचा. कक्षा किती कललेली आहे हे कळल्यावाचून वस्तुमान निश्चित करता येईना. आणि ती कक्षा पाहणार कशी? त्यांपैकी मोठ्या ताऱ्याची तबकडी म्हणजे पाच-सहा हजार किलोमीटरवर धरलेले रुपयाचे नाणे!

ही अडचण ऑस्ट्रेलियातील नॅराब्री येथे सुटली. निलगिरीतील अरुवनकाडू येथे १९१६ साली जन्मलेले रॉबर्ट हॅनबरी ब्राउन आणि रिचर्ड ट्विस यांची कल्पना धाडसी होती. एकाच ताऱ्याचा प्रकाश दोन आरशांवर घ्यावा, त्याच्या तेजात क्षणोक्षणी होणारे सूक्ष्म चढउतार ताडून पाहावेत. आरसे जवळ असता ते जुळतात, अंतर वाढवावे तसा मेळ घटतो. तो किती त्वरेने घटतो, त्यावरून ताऱ्याचा आकार निघतो. अनेक भौतिकशास्त्रज्ञांना हे अशक्य वाटले. तेव्हा १९५६ साली या जोडीने सैन्याच्या जुन्या सर्चलाइटचे आरसे वापरून व्याधाचा व्यास मोजून दाखविला.

नॅराब्रीचे आरसे प्रत्येकी साडेसहा मीटर रुंद, २५२ लहान आरशांचे जोडकाम. १८८ मीटर व्यासाच्या वर्तुळाकार रुळांवर ते फिरत. त्यांनी ताऱ्याचे सुबक चित्र कधीच दिले नसते. त्याची गरजच नव्हती. चित्रेच्या बाबतीत तो मेळ कक्षेतील भ्रमणानुसार वरखाली होई. त्यातून कक्षेचा कल आणि तिचा कोनीय आकार मिळाला. तोच आकार किलोमीटरमध्ये किती, हे वेगावरून काढता आले. दोहोंच्या तुलनेने अंतरही हाती आले. १९७१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: मोठा तारा सूर्याच्या सुमारे ११ पट, धाकटा जवळजवळ ७ पट, अंतर सुमारे २७० प्रकाशवर्षे.

हा ११चा आकडा महत्त्वाचा. ताऱ्याचे भांडवल जितके मोठे, तितकी उधळपट्टी त्याहून अधिक. सूर्य एक हजार कोटी वर्षे पुरेल. हा तारा काही कोटी वर्षांतच संपून स्फोट पावेल.

नॅराब्रीचे काम ३२ ताऱ्यांनंतर १९७४ साली थांबले. पुढे जवळपास अर्धशतकाने ॲरिझोनातील व्हेरिटास वेधशाळेने तीच पद्धत पुन्हा हाती घेतली. तेथील दुर्बिणी गॅमा किरणांसाठी बांधलेल्या; लख्ख चांदण्यात त्यांचे मूळ काम अडते. त्याच रात्री वापरून मृगातील मधल्या महाकाय ताऱ्याचा व्यास मोजला गेला.