खडकावरील जीवसृष्टी आणि निरीक्षणाची शिस्त

निसर्गाभ्यासाच्या तासाला वनस्पती व प्राणी यांची नावे पाठ करून घेणे सोपे असते. परंतु नाव ठाऊक असणे ही निरीक्षणाची केवळ पहिली पायरी होय. तो जीव कोठे राहतो, काय खातो आणि तो नाहीसा झाल्यास शेजारच्या जीवांचे काय होते, हे प्रश्न त्यापुढचे आहेत. या प्रश्नांचे महत्त्व अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील एका प्रयोगाने उत्तम रीतीने पटते.

वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकाशी मकाह उपसागर आहे. हा किनारा खडकाळ असून त्यावर महासागराच्या लाटा सतत आदळत असतात. ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या खडकांवर जीवांचे आडवे पट्टे स्पष्ट दिसतात. वरच्या भागात पांढुरके, कठीण कवचाचे बार्नेकल. त्याखाली काळसर निळ्या शिंपल्यांचा दाट थर. आणि आणखी खाली जांभळे व नारिंगी तारामासे. पाण्यालगत केल्प नावाच्या मोठ्या समुद्रशैवालाची दाटी असते. शिंपले वर फार चढत नाहीत, कारण तेथे ऊन व वारा यांनी ते सुकतात. मात्र पाणी मुबलक असूनही ते खाली का उतरत नाहीत, हे सहज ध्यानात येत नाही.

प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी याचे उत्तर प्रयोगाने शोधले. 1963 साली त्यांनी खडकाचा सुमारे 8 मीटर लांब व 2 मीटर रुंद पट्टा निवडला. त्यावरील तारामासे पहारीने सुटे करून ते समुद्रात फेकून देत. शेजारचा तसाच पट्टा त्यांनी तुलनेसाठी जसाच्या तसा ठेवला. हे काम ते पुनःपुन्हा करीत राहिले व प्रत्येक वेळी नोंद घेत गेले.

तारामासा शिंपल्याची दोन झाकणे किंचित फाकवितो, आपले जठर बाहेर काढून त्या फटीत घालतो आणि आतील जीव पचवितो. हा भक्षक हटताच प्रथम बार्नेकल वाढले. मागाहून शिंपल्यांनी त्यांना दडपून खाली खाली पसरण्यास प्रारंभ केला. खडकावरील जागा मर्यादित असते. ती शिंपल्यांनी व्यापल्यामुळे शैवाल व इतर लहान प्राणी यांना थारा उरला नाही. आरंभी मोजलेल्या 15 जातींपैकी 1966 सालच्या अहवालापर्यंत 8 जातीच शिल्लक राहिल्या होत्या. शेजारच्या पट्ट्यावर असा बदल झाला नाही. इतरांना खाणारा प्राणीच इतरांसाठी जागा राखीत होता, असे यावरून सिद्ध झाले.

कमानीच्या माथ्यावरील पाचरीसारखा दगड काढला तर सारी कमान ढासळते. 1969 साली पेन यांनी अशा जीवांना त्या दगडाचेच नाव दिले. याच किनाऱ्यावरील समुद्री पाणमांजराचे कार्यही असेच आहे. ते केल्प खाणाऱ्या काटेरी समुद्री अर्चिनांना खाते. कातड्याच्या व्यापारासाठी पाणमांजरांची बेसुमार शिकार झाली. ती जेथून नाहीशी झाली तेथे अर्चिन वाढून कित्येक ठिकाणी केल्पची वने उजाड झाली.

शिक्षकांनी आपल्या परिसरात पुढील पद्धत अवलंबावी:

1. ओढ्याचा काठ, बांध किंवा खडक यांवरील एक मीटर चौरस जागा दोरीने आखून घ्यावी.
2. दर पंधरवड्यास त्याच जागेतील जीव विद्यार्थ्यांकडून मोजवून तारीख, वेळ व हवामान यांसह नोंद ठेवावी.
3. कोण कोणास खातो, हे प्रत्यक्ष दिसले तरच लिहावे. तर्क वेगळा नोंदवावा.
4. उचललेला दगड पूर्वीसारखाच ठेवावा. जीव काढून टाकण्याचा प्रयोग मुलांकडून करवू नये.

अशा वर्षभराच्या वहीतून मुलांना परिसरातील जीवांचे परस्परावलंबन स्वतःच्या डोळ्यांनी उमगेल. कोणताही क्षुल्लक भासणारा जीव निरुपयोगी ठरविण्यापूर्वी ती विचार करतील, हेच या अभ्यासाचे खरे फलित होय.