बोट कुठं पडतं ते बघ

पालेर्मोला राहायला गेले त्या पहिल्याच आठवड्यात माझं पुण्यात शिकलेलं इटालियन जिन्यात अडलं. वरच्या मजल्यावरच्या आजी कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "मान्जास्ती?" जेवलीस का? शब्द कळला, उत्तर मात्र सुचेना. माझ्या पुस्तकाप्रमाणे 'मान्जास्ती' हे पासातो रेमोतोचं, म्हणजे दूरच्या भूतकाळाचं रूप. १३०२ साली फ्लॉरेन्सनं दान्तेला हद्दपार केलं, १८६० साली गारिबाल्दी मार्सालाच्या बंदरात उतरला, असल्या गोष्टींचा तो काळ. दुपारच्या जेवणाला तो कशाला? तिथं जवळचा भूतकाळ हवा, 'आइ मान्जातो'.

पुस्तक उत्तरेकडच्या बोलण्यावर बेतलेलं होतं. मिलान-तोरीनोकडे पासातो रेमोतो बोलण्यात फारसा ऐकू येत नाही, तो कादंबऱ्यांत आणि इतिहासात असतो. सिसिलीत मात्र दोन मिनिटांपूर्वीच्या गोष्टीलाही लोक तोच वापरतात. खरं तर मला हे जड जायला नको होतं. आपणही 'जेवलीस का' असंच विचारतो. 'जेवली आहेस का' म्हटलं की सूर बदलतो, चौकशीची चौकशी होते.

पण माझी भीती वेगळी होती. इटालियन क्रियापदांचा सगळा वाकडेपणा या एका काळात दाटीनं बसलेला असतो, आणि हा काळ आपल्याला बोलावा लागणारच नाही या भरवशावर मी तो सोडून दिला होता.

आजी ऐंशीच्या पुढच्या. चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्या मला 'तू' म्हणत, मी त्यांना 'सिन्योरा' आणि 'लेइ'. हा 'लेइ' म्हणजे शब्दशः 'ती', पण वापरायचा आपल्या 'आपण'सारखा. क्रियापद तृतीयपुरुषी. एकदा त्या माझ्या खोलीत आल्या तेव्हा भिंतीवर मी तक्ता लावला होता: वीस क्रियापदं, प्रत्येकाची साध्या काळांची सत्तेचाळीस रूपं. स्वार्थाचे चार काळ, कॉन्ज्युन्तीवोचे दोन, संकेतार्थाचा एक, शिवाय आज्ञार्थाची पाच रूपं. जोडकाळ वेगळेच. चार रंगांच्या पेनांनी केलेलं काम होतं, मला त्याचा अभिमानही होता. आजींनी चष्मा वर करून पाहिलं. "भिंतीचं पाठ झालेलं दिसतंय. तुझं कधी होणार?"

दुसऱ्या दिवशीपासून संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात बसायचं ठरलं. टेबलावर मटाराच्या शेंगांचा ढीग, माझी चौकटींची वही बंद. सोलायचं आणि म्हणायचं. पहिलं क्रियापद दीरे, म्हणजे म्हणणे. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते या क्रमानं त्यांनी म्हणून दाखवलं: दिस्सी, दिचेस्ती, दिस्से, दिचेम्मो, दिचेस्ते, दिस्सेरो. म्हणताना उजव्या हाताचं बोट टेबलावर आपटत होतं. "शब्द ऐकू नकोस. बोट कुठं पडतं ते बघ."

पाहिलं. 'दिस्सी'ला बोट पहिल्याच अक्षरावर पडलं, 'दिचेस्ती'ला 'चे'वर. 'दिस्से'ला पुन्हा पहिल्यावर, 'दिचेम्मो' आणि 'दिचेस्ते'ला पुन्हा 'चे'वर, आणि शेवटी 'दिस्सेरो'ला पहिल्यावर. आघात धातूवर पडला की धातू मोडतो, प्रत्ययावर सरकला की धातू शाबूत राहतो. म्हणून मी, तो आणि ते यांची रूपं मोडकी. तू, आम्ही, तुम्ही यांची सरळ. मग त्यांनी भराभर पुढची काढली. मेत्तेरे म्हणजे ठेवणे: मीसी, मेत्तेस्ती, मीसे, मेत्तेम्मो, मेत्तेस्ते, मीसेरो. प्रेंदेरेचं प्रेसी, लेज्जेरेचं लेस्सी, स्क्रीवेरेचं स्क्रिस्सी, वेनीरेचं वेन्नी. एक 'मी'चं रूप कळलं की उरलेली पाच आपोआप जागेवर येतात. 'असणे'वाल्या एस्सेरेसारखी दोनतीन सोडायची. फुइ, फोस्ती, फू म्हणणारं ते बेणं कुणाचंच ऐकत नाही.

दीरेमध्ये 'चे' आला कुठून, हे मी विचारलं. लॅटिनमध्ये हे क्रियापद दीकेरे होतं. इटालियनमध्ये येताना मूळ रूप आखडून दीरे झालं, पण आतलं अंग तेवढंच राहिलं. फारेचंही तेच, लॅटिन फाकेरे. म्हणून 'मी करत असे' म्हणायचं तर 'फाचेवो'. बेरे म्हणजे पिणे, जुनं बेवेरे, म्हणून 'बेवेवो'. मला शाळेतली संस्कृतची धातुरूपावली आठवली. गम् धातूचं गच्छति का होतं, हे आम्ही कधी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. मार्क मिळाले.

वर्तमानकाळातही बोटाचा हाच खेळ निघाला, आणि तिथं मला खरा धक्का बसला. आंदारे म्हणजे जाणे: वादो, वाइ, वा, आंदियामो, आंदाते, वान्नो. दोन वेगळ्या क्रियापदांचे तुकडे एकत्र शिवलेले, 'वा'वाले तुकडे लॅटिन वादेरेचे. शिवण कुठं आहे? 'आम्ही' आणि 'तुम्ही'वर, जिथं आघात पुढं सरकतो तिथंच. उशीरे म्हणजे बाहेर पडणे: एस्को, एशी, एशे, पण उशामो, उशीते. मोरीरे म्हणजे मरणे: मुओयो, पण मोरियामो. जीभ जिथं जोर देते तिथं स्वर फुगतो, जोर सरकला की आखडतो.

मी आजींना म्हटलं, आमच्याकडंही दोन धातूंचं एक क्रियापद आहे. 'जातो' संस्कृतातल्या 'याति'वरून आणि 'गेलो' 'गत'वरून. कुठल्याही मराठी मुलाला त्यात काही वावगं वाटत नाही. 'केलं'ऐवजी 'करलं' म्हणणारं पोर आणि 'प्रेसो'ऐवजी 'प्रेंदुतो' म्हणणारं इटालियन पोर एकाच जातीचं, दोघंही नियम फार मनावर घेतात. मग मी त्यांना मूल-मुलाला, दूध-दुधाला, वीट-विटेला म्हणून दाखवलं. आमच्यात आघाताचं एवढं प्रस्थ नाही, ऱ्हस्व-दीर्घ आहे. पण मागं काही जोडलं की आतला स्वर आखडतो, हे तेच. आजींनी बोट आपटत 'मूल, मुलाला' चारपाचदा म्हटलं. 'ळ' आणि 'ण' त्यांच्या वाट्याला आले नाहीत हे त्यांचं नशीब.

कॉन्ज्युन्तीवोचा इटलीत फार बोलबाला आहे. वाटतं, हवं असतं, शंका येते, अशा वाक्यांच्या पोटात तो येतो, आणि तो मरायला टेकलाय अशी तक्रार सुशिक्षित माणूस हमखास करतो. २०१८ च्या सानरेमो महोत्सवात लोरेन्झो बाल्योनी या गायकानं नवोदितांच्या विभागात गायलेल्या गाण्याचं नावच 'इल कॉन्ज्युन्तीवो' होतं. मला मात्र तो पहिल्यांदा भेटला पावाच्या दुकानात. काउंटरमागचा माणूस मान वर न करता म्हणतो, "दीका!" आपला वाणी "बोला!" म्हणतो तसंच. हा आदरार्थी आज्ञार्थ म्हणजे कॉन्ज्युन्तीवोचंच रूप. 'वीवा'ही तेच, 'चिरायू होवो'मधला 'होवो'. एवढं कळल्यावर त्याची भीती गेली. करायचं इतकंच की वर्तमानकाळातलं 'मी'चं रूप घ्यायचं आणि शेवटचा 'ओ' काढून 'आ' लावायचा. दिको-दीका, वेंगो-वेंगा, फाच्चो-फाच्चा, एस्को-एस्का. एस्सेरे, आवेरे, सापेरे, दारे, स्तारे ही न बसणारी, तेवढी घोकायची.

फक्त 'आरे'नं संपणाऱ्या नियमित क्रियापदांना 'आ'ऐवजी 'इ' लागतो, आणि तिथंच मी आपटले. दार उघडून आजींना मोठ्या अदबीनं म्हटलं, "वेंगी, सिन्योरा!" यावं, सिन्योरा. आजी उंबऱ्यात उभ्या राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. 'वेंगी' आणि 'वादी' ही फान्तोत्सीची भाषा. १९७५ साली पाओलो विल्लाज्योनं पडद्यावर आणलेला हा गरीब बिचारा कारकून आणि त्याच्या कचेरीतले लोक अदबीनं बोलायला जातात आणि कॉन्ज्युन्तीवोत घसरतात. सगळ्या इटलीला ते पाठ आहे. माझी चूक निदान नावाजलेली निघाली.

दुसरी चूक महागात पडली असती. आजींच्या मुलीनं मला आणि नवऱ्याला रविवारी जेवायला बोलावलं होतं. मी संदेश पाठवला, 'दोमेनिका वेर्रेम्मो'. 'येऊ' म्हणजे 'वेर्रेमो', एकच म. मी दोन म लिहिले आणि ते झालं 'आलो असतो'. तिचं उत्तर आलं, 'वेर्रेस्ते, मा?' आला असतात, पण काय? खडा आणि खड्डा यांतला फरक जन्मापासून ऐकणाऱ्या माणसानं हे करावं! कान तयार होता, हात घाईत होता.

मराठी माणसाला फुकटात मिळणाऱ्याही दोन गोष्टी आहेत. 'मी गेले' म्हणायला मला 'सोनो आंदाता' म्हणावं लागतं, नवरा 'सोनो आंदातो' म्हणतो. गेलो-गेले करत वाढलेल्या माणसाला त्यात काय शिकायचं? आणि 'ती खाल्ली' म्हणताना क्रियापद खाणाऱ्याच्या नाही, खाल्लेल्या वस्तूच्या मागं जातं, तसंच 'लो मान्जाता'. माझ्या वर्गातली एक जर्मन मुलगी यावर महिनाभर घाम गाळत होती. मी एकदाही चुकले नाही, आणि त्यात माझं कर्तृत्व शून्य.

तक्ता मी काढून टाकला. शिकायचं असेल तर माझं सांगणं एवढंच: क्रियापद डोळ्यांनी शिकू नका, मोठ्यानं म्हणा आणि टेबलावर बोट आपटा. शेजारी वैतागतील, वैतागू देत.

सोललेले मटार एकदा मी घरी नेऊन शिजवले आणि दुसऱ्या दिवशी आजींना ते सांगायला गेले. 'शिजवले' म्हणजे कुओचेरे, त्याचा पासातो रेमोतो काही केल्या तोंडात येईना. मी 'कुओचेइ' म्हणाले. आजींचं बोट टेबलावर यायच्या आधी हवेतच थांबलं, ओठ जरा हलले, मग त्या म्हणाल्या, "कोस्सी." आणि लगेच, "पण असं कोण म्हणतं? तू आपलं 'कुचिनाइ' म्हण, मी रांधलं. सरळ आहे ते."

कोस्सी माझ्या वहीत आहे. तोंडात अजून कुचिनाइच.